सर्दी, खोकला आणि तापात ऑनलाइन डॉक्टरांकडून उपचार कसे घ्यावेत: मराठवाड्यातील कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मराठवाड्यात विषाणूजन्य सर्दी-खोकला-तापाची साथ वर्षातून साधारण दोनदा जोर धरते: एकदा पावसाळ्यात आणि तो सरता सरता, आणि दुसऱ्यांदा थंडीत, जानेवारी ते मार्चच्या सुमारास. घरातल्या एकाला कणकण सुरू झाली की दोन-तीन दिवसांत बाकीचेही अंथरूण धरतात, आणि मग तालुक्याच्या दवाखान्यात जायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो. एसटीच्या वेळा, बुडणारी मजुरी, दवाखान्यातली गर्दी आणि त्या गर्दीत नव्याने लागण होण्याचा धोका हे सगळे पाहता अशा बहुतेक आजारांत ऑनलाइन तपासणी हा खरोखर चांगला मार्ग आहे. मात्र ती किती उपयोगी ठरेल हे फोन लावण्याआधीच ठरते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. समोरच्या डॉक्टरांना नाडी धरता येत नाही, छातीला स्टेथोस्कोप लावता येत नाही. ती उणीव घरच्यांनी मोजून, पाहून आणि लिहून भरून काढायची असते. हा लेख प्रामुख्याने त्याविषयी आहे.

फोन करायचा की थेट दवाखाना गाठायचा

पहिला निर्णय हाच आहे आणि तो चुकला तर पुढचे सगळे चुकते. नाक गळणे, घसा दुखणे, कोरडा खोकला, अंग मोडून येणे, डोके दुखणे आणि ताप, पण रुग्ण बोलतो आहे, पाणी पितो आहे, स्वतः उठून मोरीपर्यंत जातो आहे, असे चित्र असेल तर ऑनलाइन तपासणी पुरेशी ठरते. याउलट पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर ऑनलाइन रांगेत वेळ घालवू नये: बसल्या जागी धाप लागणे किंवा एक वाक्य दमात पूर्ण न होणे, छातीत दुखणे, बेडक्यातून रक्त पडणे, ओठ किंवा नखे निळसर पडणे, गुंगी येणे किंवा असंबद्ध बोलणे, झटका येणे. लहान मूल दूध पीत नसेल, सतत किरकिर करून अचानक मलूल झाले असेल, श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा सहा-आठ तासांत त्याला लघवी झाली नसेल, तर तेही याच यादीत येते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला, तरी त्याला प्रत्यक्षच दाखवावे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावे. पुढची गरज पडल्यास तेथून छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय किंवा लातूर-नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये येथे पाठवले जाते.

केंद्र सरकारच्या हंगामी इन्फ्लुएंझाविषयीच्या (फ्लूविषयीच्या) सूचनांमध्ये रुग्णांचे अ, ब आणि क असे गट केले आहेत. सौम्य ताप, खोकला आणि घसादुखी असलेल्या अ गटातील रुग्णाला विषाणूविरोधी औषधाची किंवा स्वॅबच्या तपासणीची गरज नसते. त्याने घरी थांबायचे असते आणि २४ ते ४८ तासांनी त्याची प्रकृती पुन्हा पाहायची असते. ब गटात दोन प्रकारचे रुग्ण येतात: ज्यांचा ताप जास्त आहे आणि घसा फार दुखतो आहे असे, आणि ज्यांची लक्षणे सौम्य असली तरी जोखीम मोठी आहे असे, म्हणजे लहान मुले, गरोदर स्त्रिया, ६५ वर्षांवरील वृद्ध, मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचे रुग्ण आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे. वर सांगितलेली धोक्याची लक्षणे असणारे ते क गटातले, त्यांना रुग्णालयात दाखल करावेच लागते. अ गटाचे काम ऑनलाइन पूर्ण होते. ब गटातल्यांनी ऑनलाइन तपासणी पहिल्याच दिवशी करून घ्यावी, उद्यावर टाकू नये. त्याचे कारण पुढे औषधांच्या भागात आले आहे.

येथे आणखी एक भेद लक्षात ठेवावा. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू, हिवताप आणि चिकुनगुन्या हेही असतात. ताप जोराचा आहे, अंग आणि सांधे ठणकत आहेत, डोळ्यांच्या मागे दुखते आहे, पण सर्दी-खोकला अजिबात नाही, असे असेल तर तो श्वसनमार्गाचा आजार नसण्याची शक्यता मोठी असते आणि रक्ततपासणीशिवाय निदान होत नाही. अशा तापात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नये, कारण डेंग्यू निघाल्यास त्यांच्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कोणत्या डॉक्टरांकडे

२५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे लागू केली आणि नोंदणीकृत डॉक्टरांना व्हिडिओ, फोन किंवा लिखित संदेशाद्वारे रुग्ण तपासून औषध लिहून देण्याची स्पष्ट मुभा मिळाली. त्यामुळे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी साध्या व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवर बोलणे हीदेखील रीतसर तपासणीच आहे. माझ्या मते तोच पहिला पर्याय असावा. ज्या डॉक्टरांना आपल्या वडिलांची साखर, आईचा रक्तदाब आणि मुलाचा बालदमा आधीपासून ठाऊक आहे, ते पाच मिनिटांत जे ओळखतील ते अनोळखी डॉक्टरांना वीस मिनिटांत कळणार नाही. डॉक्टरांच्या मोकळ्या वेळेत फोन करावा आणि फी आपण होऊन विचारून ती द्यावी. ओळखीचा फोन म्हणून फुकट सल्ला घेण्याची सवय दोघांच्याही हिताची नाही.

दुसरा पर्याय म्हणजे ई-संजीवनी. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने विकसित केलेली ही सेवा पूर्णपणे मोफत आहे. तिचा रुग्णांनी घरून थेट वापरायचा भाग एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, सुरू झाला. मोबाइलवर ॲप घेऊन किंवा संकेतस्थळावर जाऊन मोबाइल क्रमांक टाकायचा, आलेला ओटीपी भरायचा, रुग्णाचे नाव, वय आणि पत्ता नोंदवायचा, जुने अहवाल असल्यास त्यांचे फोटो जोडायचे, ओपीडी निवडायची आणि टोकन घेऊन आपल्या क्रमांकाची वाट पाहायची, असा त्याचा साधारण क्रम आहे. आभा क्रमांक, म्हणजे चौदा आकडी आरोग्य ओळख क्रमांक, असेल तर तो जोडल्याने पुढच्या वेळी नोंदी शोधणे सोपे जाते. ओपीडीच्या वेळा पडद्यावर दिसतात, त्या पाहूनच बसावे.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, किंवा असूनही घरात एकटे वृद्ध आहेत, त्यांनी गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जावे. पूर्वीचे उपकेंद्र ते हेच. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाचा ताप, रक्तदाब आणि ऑक्सिजन मोजतात आणि स्वतः रुग्णाशेजारी बसून ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणे करून देतात. केंद्रात उपलब्ध असलेली औषधे तेथेच मिळतात. घरून केलेल्या कॉलपेक्षा ही सोय अधिक भरवशाची आहे, कारण तपासणारे दोन प्रशिक्षित हात रुग्णाजवळ असतात. ते उघडे असण्याची वेळ आशाताईंना विचारून घ्यावी.

खासगी ॲपवरील डॉक्टर हा चौथा पर्याय. रात्री-अपरात्री त्याचा उपयोग होतो, पण तेथे दोन गोष्टी तपासाव्यात. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दिसलाच पाहिजे, कारण तो रुग्णाला दाखवणे मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्यांच्यावर बंधनकारक आहे. डॉक्टर महाराष्ट्रात नोंदणीकृत असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाची खातरजमा करता येते. आणि फीची पावती मागावी. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या कुठल्याही मोबाइल क्रमांकावर आगाऊ पैसे पाठवू नयेत, तसेच 'अपॉइंटमेंट पक्की करायला ओटीपी सांगा' असे म्हणणाऱ्याला तो सांगू नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

फोन लावण्याआधीचा अर्धा तास

घरात एक डिजिटल थर्मामीटर आणि शक्य असल्यास एक पल्स ऑक्सिमीटर असावा. कोरोनाच्या काळात गावोगावी ऑक्सिमीटर आले आणि आता कितीतरी घरांत ते सेल संपून कपाटात पडले आहेत. सेल बदलून तो आधी घरातल्या निरोगी माणसाच्या बोटाला लावून पाहावा, म्हणजे यंत्र नीट चालते आहे की नाही हे कळेल.

ताप मोजताना काख पुसून कोरडी करावी, थर्मामीटरचे टोक काखेच्या मध्यभागी ठेवून हात छातीशी घट्ट धरावा आणि बीप वाजेपर्यंत हलू नये. काखेतला आकडा तोंडातल्या आकड्यापेक्षा थोडा कमी येतो, म्हणून डॉक्टरांना 'काखेत १०१.२' असे जागेसह सांगावे. नुसते 'अंग तापले आहे' एवढे सांगून भागत नाही, कारण १००.४ फॅरनहाइटच्या खालचे तापलेले अंग आणि १०३ चा ताप यांचे उपचार सारखे नसतात. ताप किती वेळाने चढतो, गोळीने किती तास उतरतो, हेही लिहून ठेवावे.

ऑक्सिजन मोजण्याआधी रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवावे. बोटाला नेलपॉलिश किंवा ताजी मेंदी नसावी आणि थंडीत हात गार पडले असतील तर ते चोळून गरम करावेत. आकडा लगेच वाचू नये. तो वरखाली होऊन मिनिटभराने स्थिर झाला की मगच लिहावा. निरोगी प्रौढात तो ९५ किंवा त्याहून अधिक असतो. तो ९४ च्या खाली असेल तर त्याच वेळी डॉक्टरांशी बोलावे आणि ९० च्या खाली गेला तर सरळ रुग्णवाहिका बोलवावी. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या किंवा विडी ओढणाऱ्या ज्येष्ठांना फुप्फुसांचा जुना आजार असल्यास त्यांचा नेहमीचाच आकडा थोडा कमी असू शकतो, म्हणून घरातील अशा माणसाचा बरे असतानाचा आकडा एकदा मोजून वहीत लिहून ठेवणे फार उपयोगी पडते.

श्वास मोजण्यासाठी मात्र कोणतेही यंत्र लागत नाही, आणि लहान मुलांच्या बाबतीत यापेक्षा महत्त्वाचे मोजमाप दुसरे नाही. मूल रडत असताना, दूध पिताना किंवा ताप भरात असताना मोजू नये. ते शांत झाल्यावर किंवा झोपल्यावर गोधडीवर उताणे निजवावे, झबले छातीपर्यंत वर घ्यावे, खोलीत उजेड असावा, आणि मोबाइलचे घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची वरखाली होणारी हालचाल मोजावी. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास म्हणजे श्वास जलद आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. एवढा जलद श्वास न्यूमोनियाची शंका निर्माण करतो आणि अशा मुलाला त्याच दिवशी प्रत्यक्ष दाखवायला हवे. मोजता मोजता छातीचा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवावा. कॉल तुटला तरी तो डॉक्टरांना पाठवता येतो.

मग एका कागदावर नोंदी कराव्यात: पहिले लक्षण कोणत्या दिवशी आणि कधी सुरू झाले, आजचे आकडे, जुने आजार, रोजच्या गोळ्या, कोणत्या औषधाची ॲलर्जी, स्त्री असल्यास गरोदर आहे का किंवा अंगावर पाजते का, मूल असल्यास त्याचे वजन, आणि दोन दिवसांत घरी किंवा मेडिकलवरून आणून जे काही घेतले ते सगळे. शेवटचा मुद्दा लोक लपवतात. मेडिकलवाल्याने दिलेल्या सुट्या गोळ्यांविषयी डॉक्टर रागावतील असे वाटते, पण त्या गोळ्यांत काय होते हे न कळल्यामुळे तेच औषध दुप्पट होण्याचा धोका रागावण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. सर्व पाकिटे आणि स्ट्रिपा समोर ठेवून बसावे.

प्रत्यक्ष बोलताना

पहिली भेट शक्यतो व्हिडिओवर घ्यावी, कारण काही औषधे पहिल्याच भेटीत लिहून द्यायची असतील तर मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती व्हिडिओवर रुग्णाला पाहूनच देता येतात. फोन चार्ज केलेला असावा, कारण वीज नेमकी तेव्हाच जाते. वाड्यात, गच्चीवर किंवा ओट्यावर जिथे रेंज चांगली मिळते ती जागा आधी पाहून ठेवावी. दाराकडे पाठ करून बसल्यास चेहरा काळा दिसतो, म्हणून उजेडाकडे तोंड करून बसावे. घसा दाखवायचा असेल तर दुसऱ्या फोनच्या टॉर्चचा उजेड तोंडात पाडून रुग्णाला 'आ' करायला लावावे. रुग्ण स्वतः बोलू शकत असेल तर त्यालाच बोलू द्यावे, कारण तो किती शब्दांनंतर थांबतो आणि त्याचा आवाज कसा आहे यावरून डॉक्टर बरेच काही ओळखतात. अल्पवयीन मुलासोबत मोठे माणूस असणे आवश्यक आहे.

सुरुवात कशी करावी याचा एक नमुना देतो: 'नमस्कार डॉक्टर, मी माझ्या सासूबाईंसाठी फोन केला आहे. त्यांचे वय ६८ आहे आणि त्या माझ्याजवळच बसल्या आहेत. आम्ही परभणी जिल्ह्यातल्या गावी असतो, ग्रामीण रुग्णालय इथून जवळ आहे. त्यांना परवा संध्याकाळपासून ताप आहे, आज सकाळी काखेत १०१ होता. खोकला कोरडा आहे, घसा दुखतो. ऑक्सिजन ९६ आहे. त्यांना दहा वर्षांपासून साखर आहे, या गोळ्या चालू आहेत. काल मेडिकलवरून सर्दीची एक गोळी आणली होती, तिचे पाकीट हे.' एवढे बोलायला मिनिटभर लागते आणि डॉक्टरांचे निम्मे प्रश्न त्यातच सुटतात. आपण सध्या कुठे आहोत हे सांगणे फार महत्त्वाचे आहे, कारण प्रकृती बिघडली तर कोणत्या रुग्णालयात जायचे हे डॉक्टरांना त्यावरूनच सांगता येते. बीड, धाराशिव किंवा जालन्यातून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांनी तर कोपी (राहण्याची झोपडी) ज्या गावाच्या शिवारात आहे त्या गावाचे आणि तालुक्याचे नाव आधीच विचारून ठेवावे. आधार कार्डावरचा पत्ता सांगून संकटाच्या वेळी काहीच उपयोग होत नाही.

'दम लागतो' हे शब्द प्रत्येक जण वेगळ्या अर्थाने वापरतो. काहींना नाक चोंदल्यामुळे गुदमरल्यासारखे होते, काहींना खोकल्याच्या उबळीनंतर धाप लागते, तर काहींना खरोखर हवा कमी पडते. म्हणून दम केव्हा लागतो हे सांगावे: जिना चढल्यावर, अंगणापर्यंत चालल्यावर, की नुसते बसले असताना. रात्री उताणे झोपता येते का, छातीत घरघर ऐकू येते का, हेही सांगावे.

बोलणे संपवण्याआधी चार प्रश्न विचारल्याशिवाय फोन ठेवू नये: हा आजार विषाणूजन्य वाटतो का, प्रत्येक गोळी कशासाठी आहे आणि किती दिवस घ्यायची, काय झाले तर लगेच दवाखान्यात जायचे, आणि पुन्हा कधी बोलायचे. मिळालेली उत्तरे स्वतःच्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगावीत. ऐकण्यात काही चुकले असेल तर ते तिथेच दुरुस्त होते.

औषधे: काय मिळेल, काय मागू नये

बहुतेक विषाणूजन्य सर्दी-तापांवर आजारच मुळापासून काढणारे औषध नाही. शरीर स्वतःच विषाणूला आवरते आणि तोवर त्रास सुसह्य करणे हाच उपचार असतो. म्हणून डॉक्टरांनी पॅरासिटामॉल, नाकात टाकायचे मिठाच्या पाण्याचे थेंब, गुळण्या, भरपूर पाणी आणि विश्रांती एवढेच सांगितले तर त्यांनी टाळले असे समजू नये. प्रौढ माणसाने पॅरासिटामॉलची ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी किमान चार ते सहा तासांच्या अंतराने घ्यावी आणि दिवसभरात ४ ग्रॅमची मर्यादा कधीही ओलांडू नये. दारूचे व्यसन किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा आणखी खाली येते, ती डॉक्टरांनाच विचारावी. सर्दीच्या बहुतेक संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते, हे पाकिटावर वाचून घ्यावे. मुलांना दर वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम हा हिशेब असतो, म्हणूनच वजन विचारतात, आणि औषध बाटलीसोबतच्या मापानेच द्यावे. मुलांना तापात अॅस्पिरिन देऊ नये.

इन्फ्लुएंझाची शंका असेल आणि रुग्ण ब गटातला असेल तर डॉक्टर ओसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध लिहू शकतात. प्रौढांसाठी त्याची नेहमीची मात्रा ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस अशी असते, आणि लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास त्याचा सर्वाधिक फायदा होतो. गरोदर सून, मधुमेही वडील किंवा दम्याचे मूल यांच्यासाठी पहिल्याच दिवशी फोन करावा असे वर म्हटले ते याच कारणासाठी. हे औषध चिठ्ठीशिवाय घेण्याचे नाही आणि ते सर्वांना लागतही नाही.

आता अँटिबायोटिकविषयी. जिवाणूंवर चालणारे हे औषध विषाणूवर काहीही काम करत नाही. तरीही आपल्याकडे तीन गोळ्यांची ॲझिथ्रोमायसिनची स्ट्रिप सर्दीचे औषध म्हणून हातोहात खपते, कारण ती घेतल्यावर तीन-चार दिवसांत ताप उतरतो. तो तसाही उतरणारच होता. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या प्रकारच्या इन्फ्लुएंझाची साथ असताना इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांनाच आवाहन करून हेच सांगितले होते की हा ताप साधारण तीन दिवसांत जातो, खोकला तीन आठवडे टिकू शकतो आणि त्यासाठी अँटिबायोटिक लिहू नये. विनाकारण घेतलेल्या प्रत्येक कोर्सबरोबर शरीरातले जिवाणू त्या औषधाला सरावतात, आणि मग खरा न्यूमोनिया झाला की तेच औषध लागू पडत नाही. ऑनलाइन डॉक्टरांवर तर दबाव जास्त असतो, कारण रुग्ण नाराज झाला तर दुसऱ्या क्षणी दुसरे ॲप उघडतो. म्हणून आपणच 'अँटिबायोटिक नको असेल तर चालेल' असे म्हटले, तर डॉक्टरांना योग्य तेच लिहिणे सोपे जाते. अँटिबायोटिकची गरज कधी पडते? ताप उतरून एक-दोन दिवसांनी पुन्हा जोरात आला, बेडका पिवळा-हिरवा होऊन छातीत दुखू लागले, कान फुटला किंवा घशात पू दिसला, तर जिवाणूंचा संसर्ग असू शकतो आणि त्याचा निर्णय बहुधा प्रत्यक्ष तपासूनच होतो.

सलाईन आणि सुईचा आग्रह हाही याच जातीचा आहे. तोंडाने पाणी जात असेल तर सलाईनने आजार लवकर बरा होत नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या तर स्वतःहून कधीच घेऊ नयेत. २०२१ मध्ये कोरोनानंतर म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने मधुमेही रुग्णांचे जे हाल केले, त्यामागे वाढलेली साखर आणि अवाजवी स्टिरॉइड ही दोन मोठी कारणे होती.

खोकल्याच्या औषधांबाबत पालकांनी विशेष सावध राहावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे दूषित कफ सिरपमुळे लहान मुले दगावल्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत, असे कळवले. एक वर्षावरील मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा चमचा मध दिला तर खोकला शमतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध चाटवू नये, त्याने बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. वाफेने नाक मोकळे होते, पण गरम पाण्याचे पातेले मुलांजवळ ठेवू नये. दरवर्षी त्याने मुले भाजतात. रक्तदाबाच्या रुग्णांनी नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत आणि मधुमेहींनी आजारपणात आपल्या रोजच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. भूक मंदावली असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारून बदलावी.

औषधचिठ्ठी हाती आली की तिच्यावर रुग्णाचे नाव, वय, तारीख, डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक आणि सही आहे का ते पाहावे. मोबाइलवरची रीतसर चिठ्ठी मेडिकलमध्ये चालते. जवळ जनऔषधी केंद्र असेल तर पॅरासिटामॉलसारखी जेनेरिक औषधे तेथे बरीच स्वस्त मिळतात. चिठ्ठीतल्या औषधाऐवजी दुसरे दिले गेले तर त्याचा फोटो काढून डॉक्टरांना विचारून मगच घ्यावे.

पुढचे दिवस

ताप आणि ऑक्सिजन दिवसातून तीनदा मोजून त्याच कागदावर वेळेसह लिहीत जावे. रुग्णाला जमेल तर वेगळ्या खोलीत, नाही तर खिडकीजवळच्या कोपऱ्यात झोपवावे. त्याने आणि त्याची सेवा करणाऱ्याने मास्क लावावा, ताट-पेला वेगळा ठेवावा आणि आजीआजोबा व तान्ह्या बाळाला त्याच्यापासून दूर ठेवावे. ताप उतरून, तोही गोळीशिवाय, २४ तास होईपर्यंत शाळा, बाजार आणि पंगत टाळावी.

२४ ते ४८ तासांनी डॉक्टरांशी दुसऱ्यांदा बोलणे हा उपचाराचाच भाग आहे, पण बहुतेक जण तो गाळतात. पहिल्या भेटीत न्यूमोनियाची सुरुवात अनेकदा दिसत नाही. ती पुढच्या काही दिवसांत कळते, आणि तेव्हा आकड्यांचा तो कागद डॉक्टरांसमोर धरला की ताप चढतो आहे की उतरतो आहे हे एका नजरेत दिसते. शक्यतो त्याच डॉक्टरांशी बोलावे. ई-संजीवनीवर दुसरे डॉक्टर आले तर आधीची चिठ्ठी जोडावी. तीन दिवसांनंतरही ताप तसाच असेल, ऑक्सिजन दोन-तीन अंकांनी घसरला असेल किंवा रुग्ण कालच्यापेक्षा जास्त गळून गेला असेल, तर त्याला प्रत्यक्ष दाखवून छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासणी करून घ्यावी.

ताप गेल्यावर मागे राहणारा कोरडा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो आणि कोमट पाणी, मध व धूळ-धुरापासून दूर राहणे यांनी तो हळूहळू कमी होतो. कापूस वेचणी, तूर-हरभऱ्याची मळणी यांसारख्या धुळीच्या कामांवर या काळात तोंडाला रुमाल बांधूनच जावे. पण खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला आणि सोबत संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम किंवा वजन घटणे असेल, तर तो विषाणूचाच उरलेला खोकला आहे असे गृहीत धरून पुन्हा ऑनलाइन सिरप मागू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडक्याची क्षयरोग तपासणी करून घ्यावी. ही तपासणी आणि निदान झाल्यास पुढची सर्व औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, आणि तेथे जाताना ऑनलाइन भेटींच्या चिठ्ठ्या व तापाच्या नोंदींचा कागद सोबत न्यावा.